दाराशी ठेवलेला खडा

“ताई, तुम्ही आज नुसत्या बसा,” नवी कार्यकर्ती म्हणाली, आणि ताईंच्या हातातली खडूची पेटी तिने इतक्या गोडीने काढून घेतली, की भांडायलाही जागा उरली नाही.

सतरा वर्षं वस्तीतल्या बैठका ताईच चालवत आल्या होत्या. आता गुडघे कुरकुरतात म्हणून संस्थेच्या साहेबांनी ही पोरगी आणलेली. आजची बैठक बघून तिच्या हाती वस्ती सोपवायची की नाही, ते ताईंनी लिहून द्यायचं होतं. ताईंनी भिंतीला खुर्ची लावली, चष्मा पुसला आणि दोष शोधायला घेतले.

नवीने फरशीवर खडूने वस्तीचा नकाशा काढला. गल्ल्या सगळ्या वाकड्या. ताईंनी लिहिलं, रेषा सरळ नाहीत. मग तिने प्रत्येकाला एकेक खडा दिला. “जिथे जायला नकोसं वाटतं तिथे ठेवा. आणि का, ते सांगा.”

खेळ ताईंचाच. पण ताईंच्या वेळी लोक असे पाय पसरून, घरच्यासारखे बसत नसत. कंडक्टरने खडा स्वतःच्याच घरावर ठेवला. “सासूबाई आल्यात,” तो म्हणाला. सगळे खिदळले. त्यांनी लिहिलं, शिस्त नाही.

मग इस्त्रीवाल्या काकू उठल्या. सतरा वर्षांत या बाईने बैठकीत तोंड उघडलं नव्हतं. खडा मुठीत धरून त्या नुसत्याच उभ्या राहिल्या. ‘तुम्हाला नळाजवळचा उतार म्हणायचाय ना?’ ताईंच्या अगदी जिभेवर आलं होतं. नवी मात्र गप्प बघत राहिली. पंखा घरघरत होता. ताईंनी लिहिलं, वेळ दवडते.

काकूंनी वाकून खडा ठेवला. याच खोलीच्या दाराशी.

“इथे?” नवीने विचारलं.

“इथेच. चार-चार दिवस मनात जुळवून यायचे मी. तोंड उघडायच्या आत ताई सांगून टाकायच्या, काकूंना असं असं म्हणायचंय. लगेच फळ्यावर लिहायच्या पण. अक्षर फार सुरेख हो त्यांचं.” काकू फरशीकडेच बघत होत्या. “मला ते म्हणायचं नसायचं.”

नवीचा चेहरा लाल झाला. “काकू, ताईंच्या मनात तसं काही... म्हणजे तुम्हाला म्हणायचंय की...”

सापडला, ताईंना वाटलं. धडधडीत दोष, आणि तो त्यांच्याइतका कोण ओळखणार? पेन कागदावर टेकलंसुद्धा.

“थांब गं,” त्या हळूच म्हणाल्या. “त्यांचं बोलून झालं नाहीये अजून.”

नवी थांबली. ताईंनी पेनाला टोपण लावलं, कागद मांडीवर पालथा घातला, आणि वर्गात दामटून बसवलेल्या मुलीसारख्या ओठ मिटून, काकूंच्या पुढच्या वाक्याची वाट बघत बसल्या.

ते यायला बराच वेळ लागला.