हातभर पुढे

बावीस वर्षं मी शहराची बस चालवते, त्यामुळे मागून येणारी बस मला आवाजावरून कळते. तेविसाव्या किलोमीटरला आली ती आमच्याच डेपोची होती आणि चालवत होते उठसूट हॉर्न वाजवणारे आमचे हॉर्नमामा. मॅरेथॉनमध्ये सगळ्यात शेवटी एक बस असते, थकलेल्यांना गोळा करत येते. ती तुमच्या पुढे गेली की तुम्ही बाद.

"ताई, चढा आता!" मामांनी खिडकीतून डोकं काढलं. "खिडकीची जागा राखून ठेवलीय तुमच्यासाठी."

"आधी त्या ब्रेकची कुरकुर थांबवा, मग बोलू," मी म्हटलं.

शेजारी मगर धावत होती. मगर म्हणजे माझी मैत्रीण. पोहण्याच्या तलावावर ती जीवरक्षक आहे. काठावर न हलता बसून पोरांवर डोळा ठेवते, म्हणून पोरांनीच तिला हे नाव ठेवलंय. आमच्यात सौदा ठरला होता. तीन महिन्यांनी मला लांब पल्ल्याची ट्रायथलॉन करायची आहे: तळ्यात जवळजवळ चार किलोमीटर पोहायचं, मग एकशे ऐंशी किलोमीटर सायकल आणि वर पुन्हा हेच बेचाळीस किलोमीटर धावणं. सायकलचं आणि धावण्याचं मी बघून घेईन, पण पाण्याची मला मरणाची भीती. तर मगरने मला पाण्यातून पार न्यायचं आणि मी तिला ही मॅरेथॉन पार करून द्यायची. एकीने सोडलं की दुसरी मोकळी.

"वहिनी, पन्नाशीत हे थेर कशाला?" असं नणंद तोंडावर म्हणाली होती. डेपोत तर मी कितव्या किलोमीटरला बसमध्ये चढणार यावर चहाच्या पैजा लागल्या होत्या. एकालाही पैज जिंकू द्यायची नाही, सगळ्यांचाच चहा घालवायचा, हे मी तेव्हाच ठरवलं.

मगरची शिकवायची पद्धत राक्षसी. लांब काठी घेऊन ती काठाकाठाने चालायची आणि काठीचं टोक माझ्या बोटांच्या हातभर पुढे धरायची. "दिसेल, पण मिळणार नाही," म्हणायची. मी पाण्यातून तिला घातलेल्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. पण त्या टोकाच्या नादात मी पलीकडे पोचायचे. तळ्यात मात्र अजून पाऊल टाकलं नव्हतं. तिथे ना काठ हाताशी, ना खालचं काही दिसत. दर रविवारी मी नवं निमित्त काढायचे.

आता शर्यतीत माझा बसचा अनुभव कामी आला: बस थांबवून दार उघडायचं, माणूस चढवायचा, दार लावायचं, यात चाळीस सेकंद जातात. मागे कुणी दमून हात दाखवला की मी ओरडायचे, "चाळीस मिळाले, पळ!" असं आम्ही चौतिसाव्या किलोमीटरपर्यंत रेटलं. तिथे मगरच्या डाव्या गुडघ्याने दगा दिला. दुखणं जुनंच, दुखेल पण बिघडणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती दिव्याच्या खांबाला धरून उभी राहिली.

"मी चढते," ती म्हणाली. "तूपण सुटलीस. तळ्यात उतरायला नको."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला हायसं वाटलं. आणि मग त्या हायसं वाटण्याचाच इतका संताप आला की कानशिलं तापली. ही बाई दीड वर्ष स्वतःची ड्यूटी संपवून माझ्यासाठी काठावर उभी राहिली, आणि मी तिला बसमध्ये कोंबून घरी जाऊ?

घामाने भिजलेली टोपी मी डोक्यावरून काढली आणि तिच्या नाकासमोर हातभर पुढे धरली. "दिसेल, पण मिळणार नाही."

"वास मारतोय तिला, मेले!"

"मग पकड आणि फेकून दे."

ती लंगडत निघाली. मी उलटी चालत टोपी नाचवत होते आणि ती माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. मागे मामा हॉर्न बडवत होते. शेवटच्या वळणावर तर इंजिनाची धग माझ्या तोंडावर आली. तेवढ्यात फुस्स करून दार उघडल्याचा आवाज आला. मी पाहिलं तर चढणारं कुणीच नव्हतं. मामा निवांत आरशात मिशा बघत बसले होते. त्यांचीही पैज होती, आणि मी सगळ्यांत आधीच्या किलोमीटरला चढेन अशी; ती ते केव्हाच हरले होते.

कमानीखाली नारिंगी जाकिटातला अधिकारी, पाय पडताच वेळ नोंदवणारी ती चटई गुंडाळत होता. "वेळ संपली, बाई," मान वर न करता तो म्हणाला.

मगर त्या गुंडाळीवर पाय ठेवून उभी राहिली. "बस कुठेय?"

त्याने पाहिलं. "मागे."

"मग संपली कशी? उलगडा."

त्याने वाकून चटई पुन्हा उलगडली. पलीकडे पाय पडताच मगरने माझी टोपी हिसकावली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

मग ती फुटपाथवर पाय पसरून बसली. मामांनी आणून दिलेली गार बाटली तिने गुडघ्यावर धरली होती.

"रविवारी सकाळी सातला. तळं," ती म्हणाली. मग कधी नव्हे ते हळू आवाजात विचारलं, "काठी आणू ना?"

मी तिच्या शेजारी फुटपाथवर बसले.

"काठी नको," मी म्हटलं. "तू पाण्यात उतर आणि हातभर पुढे राहा."