कोरी नव्हती ती कॅसेट

मी टेपरेकॉर्डर बोलतोय, आणि ओरडून बोलतोय. या घरात हळू बोललेलं कोणाच्या कानात शिरत नाही. लालबागच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत, या फळीवर मी तेहेतीस वर्षं बसून आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांचे आवाज काढले. आज माझा काढतो.

एक्क्याऐंशीच्या दिवाळीत गुणाजीने मला बोनसमधून आणलं. गुणाजी गिरणीत साचेवाला, म्हणजे मागावर कापड विणणारा. साचाखात्यात एवढा धडधडाट, की तिथली माणसं नुसत्या ओठांनी आणि बोटांच्या खुणांनी बोलत. वीस वर्षं ते सोसून त्याचे कान तेव्हाच अर्धे गेले होते. मग मला आणायचं कशाला, असं त्याच्या बायकोने, जाईबाईने विचारलं. तो म्हणाला, "दौलतचो आवाज रवाक होयो." राहायला हवा, म्हणजे जपून ठेवायला.

दौलत त्याचा धाकटा भाऊ. होता त्याच गिरणीत, पण खरा तो भजनी बुवा. गजराला सूर लावला की खालच्या मजल्यावरच्या बायका हातातलं काम टाकून जिन्यात येऊन बसत. तीन महिन्यांनी संप सुरू झाला आणि दौलतने गजरात देवाबरोबर मालकालाही घेतलं. मुकादमाचं तर नाव घेऊन वाभाडे काढले. एका संध्याकाळी याच खोलीत बारा माणसं दाटीवाटीने बसली, मृदंग लागला, आणि गुणाजीने माझ्यात शेल घालून लाल बटण दाबलं. अर्धा तास मी ते सगळं पोटात घेतलं. माझ्या आयुष्यातलं तेवढं एकच काम मी छाती फुगवून सांगतो.

पुढे पोलीस आणि मालकाची माणसं चाळीत खोल्या धुंडाळू लागली. गुणाजीने डोकं लढवलं. कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची चिमुकली पट्टी मोडली, म्हणजे तिच्यावर पुन्हा काही भरता येऊ नये. आणि चिठ्ठीवर निळ्या पेनाने लिहिलं, 'कोरी'. एका हवालदाराने ती हातात घेतली, वाचली आणि परत ठेवली. त्या रात्री दोघे भाऊ पोट धरून हसले.

संप मिटला नाही, विझला. दौलत शिवडीच्या गोदामात गोणी उचलायला जाऊ लागला. एका सकाळी गोणी पाठीवर असतानाच तो खाली बसला, तो उठलाच नाही. जो भजनाला दोन-दोन तास उभा राहायचा, त्याला संप विझवणाऱ्यांनी गोणीखाली बसवलं. त्याचा राग मी कोणावर काढू?

नंतर गुणाजीचे कान पुरतेच गेले. पण दर रविवारी जेवण झालं की तो मला फडक्याने पुसतो, ती कॅसेट लावतो आणि तळहात माझ्या जाळीवर ठेवतो. मृदंग त्याच्या हातात वाजतो. दौलत कुठे श्वास घेतो ते त्याला ठाऊक आहे, तिथे त्याचं बोट अलगद वर उचललं जातं. जाईबाई भांडी घासता घासता ऐकते. बाकी कोणाला त्यांनी सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही. चिठ्ठीवरचं 'कोरी' तसंच राहिलं. या गोष्टीचाही मला राग येतो.

आता जगदीश. हा गुणाजीचा नातू, वय चोवीस, परळला काचेच्या इमारतीत नोकरी. आठवडाभर तिथे मान मोडून काम करायचं आणि शनिवार-रविवार संगीतासाठी जगायचं. संगीत कुठलं, तर इंडी. सिनेमातलं नाही, मोठ्या कंपनीचं नाही, पोरांनी स्वतः लिहून स्वतः वाजवलेलं. दौलत दुसरं काय करत होता? पण ते याला कळायला कानातली बोंडं काढायला हवी होती. या खोलीत एकाचे कान गेलेले, दुसऱ्याचे बुजवलेले. रविवारी दुपारी तर हा घरात कधीच नसायचा.

त्याच्या लाडक्या बँडचं नाव 'तिसरी पाळी'. त्यांतल्या एकानेही गिरणीची पहिली पाळी पाहिलेली नाही. रविवारी संध्याकाळी त्यांची कॉन्सर्ट होती, एका बंद गिरणीच्या आवारात. त्यांनी जाहीर केलं होतं, की आमचं गाणं स्वतः गाऊन कॅसेटवर आणा, कॅसेटच हवी, आवडेल त्याला आमच्याबरोबर गायला मिळेल. जगदीशची झोप उडाली.

शनिवारी सकाळी दादरला गिटारचा क्लास. तिथून ग्रँट रोडच्या जुन्या बाजारात. तिथून एक तबकडी आणली, जी वाजवायला घरात यंत्र नाही. एक टीशर्ट आणला, त्यावर मागाचं चित्र. ज्याच्या आजोबाचे कान मागाने खाल्ले तो छातीवर माग मिरवत घरी आला. कोरी कॅसेट मात्र अख्ख्या बाजारात मिळाली नाही.

संध्याकाळी गुणाजी खाली पायरीवर बसला होता, जाईबाई लेकीकडे भायखळ्याला गेली होती. जगदीशने माझं झाकण उघडलं आणि चिठ्ठी वाचली. "कोरी! भारी रे," म्हणाला. लाल बटण दाबलं. मी दाबू दिलं नाही. मोडलेली पट्टी असली की ते खाली जात नाही. मला नाही म्हणण्याची तेवढीच एक सोय दिली आहे आणि मी जीव खाऊन नाही म्हटलं. "जाम झालंय च्यायला," असं म्हणत त्याने कॅसेट उलटीपालटी केली. त्याला मोडलेल्या पट्टीच्या जागचं भोक दिसलं. हे मी शपथेवर सांगतो, त्याला दिसलं. त्याने त्यावर चिकटपट्टी लावली.

माझ्या पोटात दोन तुकडे आहेत. एक आधीचं पुसतो, दुसरा नवं लिहितो. मनासारखं जमेपर्यंत जगदीश एकामागून एक सहा वेळा गायला आणि मी माझ्याच अंगाने दौलतला पुसत गेलो.

रविवारी मटण-भाकरी झाली. जगदीश नवा टीशर्ट घालून निघायच्या तयारीत होता. कॅसेट माझ्यातून काढायला तो येणार, एवढ्यात गुणाजीने मला पुसून बटण दाबलं आणि तळहात जाळीवर ठेवला.

गिटार वाजली. मोरीत जाईबाईच्या हातातलं पातेलं पडलं. गुणाजीला ते ऐकू गेलं नाही, पण त्याने हात उचलला. पुन्हा ठेवला.

"हो दौलत न्हय," तो म्हणाला. "हो कोण?"

"मेल्या, काय केलंस ह्यां?" जाईबाई ओल्या हातांनी बाहेर आली. "त्यात भावजी होते. भावजींचो गजर होतो."

"कोरी लिहिलंय गं त्यावर," जगदीश म्हणाला. मग तो आजोबासमोर उकिडवा बसला आणि या घराच्या रिवाजाप्रमाणे, आवाज न काढता, ओठ नीट उघडून म्हणाला, "मी आहे, आजोबा. माझा आवाज आहे."

गुणाजी त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

जगदीशने कॅसेट पुढे पळवली. अगदी टोकाला सहा गाण्यांतून वाचलेलं एवढंच सापडलं. मृदंगाच्या दोन थापा, आणि दौलत: "दादा, बंद कर आता. शेल संपतले."

"दौलत काय म्हणता?" जाळीवरचा हात न काढता गुणाजीने विचारलं. जगदीशने ओठांनी सांगितलं. गुणाजीने मान डोलावली आणि मला बंद केलं.

"जा तू," तो म्हणाला. "गाना आसा मा तुझा आज?"

जगदीश गेला नाही. कॅसेटवरची चिकटपट्टी नखाने सोलत बसला. गुणाजीने पकड आणली आणि माझं लाल बटण मुळापासून उपटलं. मला ते आधीच उपटून हवं होतं. मग त्याची बोटं माझ्या झाकणावर चालू लागली. तोच ठेका, श्वासाच्या जागी तेच थांबणं. इतकी वर्षं तळहाताने प्यायलेलं होतं ते. जगदीशने घाईघाईने माझ्याकडे पाहिलं, ते भरून घ्यायला. बटणाच्या जागी भोक होतं.

आता दर रविवारी त्याला कान उघडे ठेवून बसावं लागतं. ठेका थोडाफार हाताला लागलाय. शब्द जाईबाईला आठवतील तेवढेच, मुकादमाचं नाव तर तिलाही आठवत नाही. मी त्याला माफ केलेलं नाही, स्वतःलाही नाही. तुमच्या घरातही अशी एखादी कॅसेट असेल, तर चिठ्ठी वाचून थांबू नका. ती लिहिणारं माणूस अजून फळीखाली बसलेलं असेल, त्याला विचारा. माझ्याकडे आता दौलतचं एकच वाक्य उरलंय, आणि तेही बंद कर म्हणतं.