दोरीच्या पलीकडचा बाक

गावाबाहेरच्या जुन्या चर्चमध्ये मी स्वयंसेवक झालो, त्यात माझी इच्छा कुणी विचारली नव्हती. मावशीने आईला फोन केला, आईने मला हाक मारली, आणि शनिवारी सकाळी मी बादली घेऊन वेदीपाशी उभा होतो. वर्षभर नोकरी शोधतोय, पण इतकी झटपट निवड माझी कुठेच झालेली नाही.

चर्च सांभाळणाऱ्या आमच्या स्वयंसेवक मंडळात कामांची उतरंड होती. सगळ्यात वर पितळ. ते पितळवाल्या काकूंकडे. त्यांचं फडकं चुकून कुणी उचललं तर काकू दोन आठवडे त्या माणसाशी बोलत नसत. पितळाखाली लाकूड, म्हणजे बाक पुसणं. ते पोस्टमन आजोबांकडे. आजोबा निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण अजूनही प्रत्येक बाकापाशी थांबताना घरमालक दार उघडेल अशा बेताने थांबायचे. आणि सगळ्यात खाली, छप्पर गळायचं तिथली बादली. ती मी. पाऊस थांबून आठवडा झाला तरी ते छप्पर साठवलेलं पाणी सावकाश, चवीने सोडत राहायचं. माझी बढती काकूंच्या तब्येतीवर अवलंबून होती आणि काकूंची तब्येत ठणठणीत होती.

मावशीकडे यातलं काहीच नव्हतं, कारण तिच्याकडे किल्ली होती. वीतभर लांब, लोखंडी, पदरात बांधली तर पदर फाटेल अशी. काका होते तोवर ते इथली घंटा वाजवायचे. ते गेल्यापासून मावशी रोज सकाळी दार उघडायची आणि आत तोंड करून म्हणायची, "आले हं." आमच्यापैकी कुणी दारापाशी आलेलं असलं तर आम्ही "हो" म्हणायचो. नसलं तरी ती म्हणायचीच.

आता दोऱ्यांचं सांगतो.

मंडळाची दरवर्षी सहल निघायची, जुन्या वास्तू बघायला. बाकीचे लोक सहलीवरून फोटो आणतात, आमचं मंडळ नियम आणायचं. पहिल्या वर्षी किल्ला बघितला आणि चर्चभर "हात लावू नये" च्या पाट्या लागल्या. दुसऱ्या वर्षी राजवाडा बघितला. तिथे राजाच्या पलंगाभोवती लाल मखमली दोरी होती. पलंगाकडे कुणी पाहिलंच नाही, सगळे दोरीभोवती जमले. "काय भारदस्त वाटतं!" काकू म्हणाल्या. परत आल्यावर पुढचे तीन बाक दोरीच्या आत गेले. नंतरच्या वर्षी एका संग्रहालयात बुटांवर चढवायच्या कापडी पिशव्या दिसल्या, आणि त्या मोहात उरलेले बाकही दोरीत गेले. आता चर्चमध्ये पाहुण्यांसाठी दारापासून वेदीपर्यंत एक चिंचोळी वाट उरली होती. तिथून पिशव्या घातलेल्या पायांनी, हात मागे बांधून, श्वास बेताने घेत जायचं आणि यायचं.

आम्हाला याचा फार अभिमान होता.

मग वारसा खात्यातून फोन आला. मंगळवारी एक मॅडम पाहणीला येणार, आणि चर्चची किल्ली गावात ठेवायची की शहरातल्या कार्यालयात जमा करायची ते ठरवणार.

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. तिच्यापेक्षा जास्त आमच्या घरी धाबं दणाणलं.

"ताईची किल्ली गेली ना," आई म्हणाली, "तर ती रोज सकाळी आपल्याकडे येऊन बसेल."

बाबांनी पेपर खाली ठेवला. मागे कुलूप दुरुस्तीला गेलं होतं तेव्हा मावशीला सकाळी जायला जागा नव्हती. ती आमच्याकडे आली. पहिल्या दिवशी तिने डबे लावले. दुसऱ्या दिवशी पडदे. तिसऱ्या दिवशी बाबांच्या बनियनांना इस्त्री केली आणि भोकं पडलेली वेगळी काढून त्यांच्यासमोर ठेवली, काही न बोलता. बाबा अजून त्यातून सावरलेले नाहीत.

"जा," बाबा मला म्हणाले. "नीट घास."

घासण्यासारखं उरलं होतं काय? तरी मंडळाने कंबर कसली. काकूंनी पितळ इतकं घासलं की मेणबत्तीच्या दांडीवरची नक्षी जवळजवळ निवृत्त झाली. आजोबांनी बाकांना दुसरी दोरी लावली, पहिली तुटली तर. शेवटी बादलीलाही दोरी आली, कारण ती एकटीच मोकळी असल्याने डोळ्यात खुपायची. तेव्हापासून मी सरपटत जाऊन पाणी काढत होतो.

मंगळवारी मॅडम आल्या. तरुण होत्या, हातात हेल्मेट, चेहऱ्यावर सकाळपासून तीन वास्तू बघितल्याचा थकवा. आजोबांनी त्यांच्या बुटांना पिशव्या चढवल्या. मॅडम चिंचोळ्या वाटेने वेदीपर्यंत गेल्या, वर बघितलं, खाली बघितलं.

"छान ठेवलंय हो."

काकूंनी माझ्याकडे बघितलं, जणू हे माझ्या अडथळ्याला न जुमानता झालं होतं.

"इथे बसतं कोण?" मॅडमनी विचारलं.

"कुणीही नाही!" मावशी छाती फुगवून म्हणाली.

"आणि प्रार्थना?"

"ती पलीकडच्या गावात. नवीन हॉल झालाय तिथे. बाकांना गाद्या आहेत, फादरही तिकडेच असतात. इथे कुणाची बिशाद नाही."

"म्हणजे वर्षभरात कुणीच नाही?"

"एक बाई आल्या होत्या गुडघे टेकायला," आजोबा म्हणाले. "पण आम्ही वेळेत थांबवलं."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "मावशी, किल्ली गावाकडे राहते ती वास्तू वापरात असेल तर. नुसती जपून ठेवायची असेल तर ते आम्हीच करतो. कुलूप लावतो आणि किल्ली कार्यालयात नेतो."

बादलीत एक थेंब पडला. तो घंटेसारखा वाजला.

"वापरात आहे की!" काकू सावरून म्हणाल्या. "मी रोज पितळ घासते."

"ते सांभाळणं झालं."

"मग बसतो आम्ही! त्यात काय!" आजोबांनी दोरी उचलली आणि पहिल्या बाकावर बसले.

"अहो हात लावू नका!" काकू किंचाळल्या. सवय, दुसरं काय. आजोबा चटका बसल्यासारखे उठले, आणि उठताना बाकावर उमटलेला हाताचा ठसा पुसून काढला.

मॅडम घड्याळ बघायला लागल्या. मी मावशीकडे पाहिलं. तिने किल्ली दोन्ही हातांत धरली होती, तान्ह्या मुलाला धरावं तशी. आता काही तरी विनोद करावा असं मला वाटलं, पण सुचला नाही. हे सहसा होत नाही.

मावशीने पायातल्या पिशव्या काढल्या. दोरीखालून वाकली. घंटेच्या दोराजवळचा बाक, जिथे काका दोन घंटांच्या मध्ये टेकायचे, त्यावर जाऊन बसली. बाक कुरकुरला. इतक्या वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं बिचाऱ्याला.

"आले हं," ती वेदीवरच्या क्रुसाकडे बघून म्हणाली. यावेळी आम्ही कुणी "हो" म्हटलं नाही.

"रोज उभ्या उभ्याच सांगते. आज बसून सांगते, उभ्याने सांगितलेलं सरकारात धरत नाहीत. ही मुलगी किल्ली न्यायला आलीये. चांगली आहे बिचारी, उन्हातून आलीये, तिला काही बोलू नकोस. नियम तिने नाही केला. पण किल्ली गेली तर सकाळी मी 'आले हं' म्हणू कुणाला? बहिणीकडे जावं तर तिचा नवरा बनियनं लपवतो."

मी जमिनीकडे बघितलं.

"आणि दोऱ्यांचं चुकलंच. राजवाड्यात बघितल्या, भुललो. राजा मेलेला होता म्हणून त्याच्या पलंगाला दोरी. तू कुठे मेलायस? त्या बाईंना परत पाठव, टेकू दे गुडघे. आणि छपराचंही बघ. बादलीवर पोरगं ठेवलंय, पण त्याचा काही भरवसा नाही."

मग तिने डोळे मिटले.

"हे रोज असतं?" मॅडमनी हळूच विचारलं.

"रोज," काकू म्हणाल्या. त्यांच्या हातातलं फडकं चक्क खाली पडलं होतं. "पण आम्हाला वाटायचं, ती आम्हाला सांगते."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. लिहायला जागा हवी म्हणून त्याही दोरीखालून वाकल्या आणि मावशीच्या बाकाच्या टोकाला टेकल्या. लिहिताना डावा हात बाकावर ठेवला, तसा बाक पुन्हा कुरकुरला.

"बाकाला हात..." डोळे मिटलेली मावशी म्हणाली, आणि थांबली. "लाव. लाव बाई."

किल्ली राहिली. दोऱ्या मात्र काढायच्या, आणि सहा महिन्यांनी मॅडम पुन्हा येणार, वापर चालू आहे का ते बघायला. बाबांनी ही बातमी ऐकून स्वतःहून चहा केला.

दोऱ्या काकूंनी घरी नेल्या. त्यांच्या गच्चीवर आता कपडे मखमलीवर वाळतात आणि फार भारदस्त दिसतात. गुडघे टेकणाऱ्या बाईंचा पत्ता आजोबांनी स्वतः शोधून काढला आणि दारात जाऊन निरोप दिला. निवृत्तीनंतरचा त्यांचा सगळ्यात आनंदाचा दिवस तो.

बाकी वापराचं मंडळाने आपल्या पद्धतीनेच केलं. प्रार्थनेची ड्यूटी लावली. सकाळ मावशीची, रविवार काकूंचा. गुरुवारी दुपारी सगळे झोपतात, म्हणून गुरुवार दुपार माझी.

"मला अनुभव नाही," मी म्हणालो.

"बादलीचा तरी कुठे होता?" मावशी म्हणाली, आणि पहिल्यांदाच किल्ली माझ्या हातात दिली. वाटते त्याहून जड आहे ती.

गुरुवारी मी दार उघडलं. आत कुणी नव्हतं. इकडे तिकडे बघून घेतलं, घसा साफ केला.

"आलो हं," मी म्हणालो.

घंटेजवळच्या बाकावर बसलो. छपराचं पुन्हा एकदा सांगितलं, नोकरीचं सहज कानावर घातलं, मावशीची किल्ली तिच्याकडेच राहू दे म्हटलं. मग सुचेना, तेव्हा छपराकडे बघितलं.

वरून एक थेंब बादलीत पडला. मी ती पोच समजलो.