ट्रकच्या दारावरचं नाव

शनिवारी सकाळी उजागरसिंग सहोतांच्या अंगणात नव्या ट्रकचं दार रंगवायला रंगारी आला. सातासमुद्रापलीकडच्या कर्मन गावच्या त्या पंजाबी गल्लीत घरटी निदान एक ट्रक, आणि ट्रकच्या दारावर मालकाचं नाव. शेजारी 'बैन्स अँड सन्स' झळकायला लागल्यापासून उजागरसिंगांना घास गोड लागत नव्हता. बैन्सांना तीन मुलगे. यांना तेजा एकटाच, तरी 'सहोता अँड सन्स' लिहायचं ठरलं. हेव्याला हिशेब कुठे कळतो!

हा नवा ट्रक चालवत होती ती मात्र मुलगी, रमनीक. पूर्वी तेजा चालवायचा. एका हिवाळ्यात सिस्कियूच्या घाटात, बर्फावर, तो ट्रक उभा करून थरथरत बसून राहिला. दुसऱ्याच्या गाडीतून रमनीक वर गेली आणि तिनं तो खाली आणला. तेव्हापासून तेजा जुन्या ट्रकवर बदामाच्या जवळपासच्या खेपा करी, लांबचा रस्ता तिचा. ट्रकतळावरचे लोक "सहोतांचा खरा मुलगा आला" म्हणत, आणि तेजाचा जळफळाट होई.

धंदा आजवर उजागरसिंगांच्या एकट्याच्या नावावर होता. पण बेकर्सफील्डजवळ ओळखीतल्या एकाचा अपघात झाला आणि दाव्यात ट्रकबरोबर त्याचं राहतं घरही गेलं. एकट्याच्या धंद्यात माणूस आणि धंदा कायद्याला एकच. उजागरसिंग हबकले. दाव्याची झळ कंपनीपाशी थांबावी, चुलीपर्यंत पोचू नये, म्हणून त्यांनी मर्यादित जबाबदारीची कंपनी काढायचं ठरवलं. फक्त तिच्यात मालकांची नावं लिहावी लागतात, आणि तिथंच माशी शिंकली.

स्वयंपाकघरात चहा झाला. वकीलबाई मनदीप पुरेवालांनी कागद मांडले.

"माझं आणि तेजाचं लिहा," उजागरसिंग म्हणाले.

"आणि माझं?" रमनीकनं विचारलं.

तेजा हसला. "तू उद्या सासरी जाणार. मग तुझ्या नवऱ्याला मालक करून घ्यायचं का आम्ही? पगार घे की गपगुमान."

"वीरे," रमनीक भावाला म्हणाली, "घाटातून ट्रक उतरवायला बोलावलंस तेव्हा नाही आठवलं माझं सासर?"

"बघा! अजून तेच उगाळतेय!"

"लोक म्हणतील, बाप लेकीच्या कमाईवर बसलाय," उजागरसिंग म्हणाले. "आपल्यात लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत."

"आणि या घराचे हप्ते कोण भरतं, बापूजी? ते बरे गोड लागतात?"

"पुरे कर जीभ!" आई, बलवीर, ओट्यापाशी गर्रकन वळली. "आयुष्यभर मी पीचच्या कारखान्यात उभी राहिले. पहिला ट्रक माझ्या पगारावर आला. माझं नाव लिहिलं कुणी? मी तोंड उघडलं? मग तुलाच कसली मिजास?"

रीतिभातीचं नाव पुढे करून बोलत होती ती असूया. आईनं लेकीवर जळावं, हे लिहितानाही हात जड होतो. पण रमनीक किल्ली घेऊन ट्रकवर चढली की बलवीर खिडकीतून पाहत राही, आणि मग दिवसभर भांडी आपटी. मला मिळालं नाही, ते हिला का?

"बीबीजी, इथं तुमची सही लागेल," मनदीप म्हणाल्या.

"माझी? माझा काय संबंध?"

"इथल्या कायद्यानं लग्नानंतर उभा केलेला धंदा दोघांचा, निम्मा निम्मा. तुमच्या संमतीशिवाय मी कागद पुढे नेणार नाही."

"निम्मा माझा? कधीपासून?"

"पहिल्या ट्रकपासून."

बलवीरनं आपल्या हातांकडे पाहिलं. सालं काढून काढून बोटांची टोकं कायमची काळवंडली होती. आपल्याला काहीच नव्हतं म्हणून ती लेकीचंही काही होऊ देत नव्हती. आणि होतं तर सगळं पहिल्यापासून! तिला रडू आलं, संतापही आला.

"अगं, कर सही. चहा निवतोय," उजागरसिंग म्हणाले.

तिनं पेन खाली ठेवलं. "तेजा, रंगाऱ्याला थांबव."

"बीबी, तुला काय कळतं धंद्यातलं?"

"कळत नव्हतं, तेच सोयीचं होतं तुम्हाला. वकीलबाई, माझ्या निम्म्यात माझं नाव लिहा आणि रमनीकचं. नाहीतर सही नाही."

"अगं, बैन्स काय म्हणतील?"

"त्याच्या बायकोला उद्या गुरुद्वाऱ्यात विचारतेच मी, तिचा निम्मा कुठाय म्हणून."

रमनीक आईकडे बघतच राहिली. तेजा पाय आपटत बाहेर गेला. सहीशिवाय कागद हलणार नव्हता, आणि कागदाशिवाय घर उघड्यावर होतं. उजागरसिंगांनी घटकाभर तोंड फुगवून पाहिलं, मग निमूटपणे मान्य केलं.

बाहेर रंगारी 'सहोता अँड' इथवर येऊन थांबला होता. "पुढं काय लिहू?"

"ते 'अँड'ही पूस," बलवीर म्हणाली. "नुसत्या सहोतात मावतो आम्ही सगळे."

दुसऱ्या दिवशी लंगरच्या रोट्या लाटताना तिनं बैन्सबाईंना सगळं सांगितलं. बैन्सबाईंचं लाटणं थांबलं. मग शेजारणीचं. बैन्सबाईंना त्या क्षणी बलवीरचा जो हेवा वाटला, तो गल्लोगल्ली पसरावा असं मला मनापासून वाटतं. वाचकहो, तुमच्या घरातलं लाटणं अजून चालूच आहे ना?