म्हाळसाच्या मापाचे बूट

मी मुकुंदवाडीतल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होते, तेव्हाची ही गोष्ट. साल २०१५. शाळेला स्वतःचं मैदान नव्हतं. रेल्वे स्टेशनाच्या पलीकडं एक मोकळी, मुरमाड जागा होती, तिथं शाळा सुटल्यावर मी मुलींना फुटबॉल शिकवायचे. अकरा मुलींचा संघ जेमतेम भरायचा. त्यातली एक म्हाळसा.

म्हाळसाचे वडील बिरू वाळूजच्या एका कंपनीत माल चढवायचे. आई राजाबाई बांधकामावर जायची. घर धनगराचं. दहा वर्षांची होईपर्यंत म्हाळसा चुलत्याबरोबर मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेली, त्यामुळं शाळेत उशिरा आली आणि पंधराव्या वर्षी आठवीत होती. येताना चप्पल घालून यायची आणि मैदानावर पोचली की ती काढून बाजूला ठेवायची.

ती अनवाणी खेळायची, आणि तिचा खेळ बघताना मी शिट्टी वाजवायची विसरायचे. त्या मुरमावर खडे, काचा, बाभळीचे काटे, काय नव्हतं? पण मान खाली न घालता तिचं पाऊल नेमकं मोकळ्या जागी पडायचं. चेंडू पायाशी घेऊन ती सरळ चाललेली असायची आणि मधेच अशी काही वळायची की समोरची मुलगी होती तिथंच उभी राहायची. म्हाळसा तोवर तिच्या पाठीमागं दहा पावलांवर. ही कशी वळते, हे मी दोन वर्षं बघत होते आणि मला उमगत नव्हतं. एकदा विचारलं तर म्हणाली, "मॅडम, मेंढरू कळपातून फुटलं की त्याच्या मागं नाय पळायचं. ते जिथं जाणार तिथं आधी जाऊन उभं राहायचं."

नोव्हेंबरात जिल्ह्याच्या संघाची निवड ठरली, सतरा वर्षांखालच्या मुलींची. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की स्टडचे, म्हणजे तळाला उंचवटे असलेले बूट आणि नडगीचे पॅड असल्याशिवाय मैदानात उतरता येणार नाही. नियम योग्यच होता. समोरचीचा स्टड उघड्या पायावर पडला तर बोट मोडायचं.

शाळेच्या कपाटात मुलांचे पॅड आणि जुने बूट होते. म्हाळसाला सहा नंबर दिला, तर लांबीला ठीक पण पुढं करंगळी दाबली जायची. सात नंबरमध्ये करंगळी सुटली, पण अंगठ्यापुढं दोन बोटं जागा रिकामी आणि टाच प्रत्येक पावलाला वर यायची. तिनं टाचेत कापूस कोंबला, एकावर एक मोजे चढवले. चार दिवसांत अंगठ्याचं नख काळं पडलं. बूट घातलेली म्हाळसा सरळ पळायची, पण वळायची नाही. वळायला गेली की पाय आतल्या आत फिरायचा आणि बूट तसाच राहायचा.

पाचव्या दिवशी ती खेळता खेळता खाली बसली. म्हणाली, "मॅडम, माझेच पाय वाईट हायेत का?"

हे मला फार लागलं. मी दौलताबादची, शेतकऱ्याच्या घरातली. विद्यापीठाच्या संघात मी थोरल्या भावाचे बूट घालून खेळले होते आणि तीन वर्षं हेच समजत होते, की माझे पाय बेढब आहेत. तिच्यासारखं तोंडानं कुणाला विचारलं मात्र नव्हतं.

शनिवारी मी तिला घेऊन पैठण गेटला गेले. पहिल्या दुकानात माणूस म्हणाला, "मुलींसाठी? पळायचे दाखवू का? गुलाबी आलेत." दुसऱ्या दुकानात पोऱ्यानं नाही, खुद्द मालकानं म्हाळसाकडं न बघता मला विचारलं, "भाई का नंबर क्या है?" मी म्हटलं, भाई नाही, हीच खेळणार आहे. तो खाली वाकून तिच्या पायांकडं बघायला लागला, तशी म्हाळसानं एक पाय दुसऱ्याच्या मागं नेला.

तिसरं दुकान आप्पासाहेबांचं. साठीचे गृहस्थ, हॉकी खेळलेले. ते म्हणाले, "बायकांच्या पायाचे वेगळे बूट आता निघालेत म्हणतात. पण आमच्यापर्यंत येत नाहीत. कुणी मागतच नाही."

"मागायला आलोय की आम्ही," मी म्हटलं.

ते हसले आणि शिडी लावून वर चढले. एकामागून एक खोकी खाली आली. "खेळता कुठं? मुरमावर? मग हे सहा लांब स्टडवाले बाजूला ठेवा. हे ओल्या गवताचे. कडक जमिनीत ते रुतत नाहीत, उलट तळपायालाच टोचतात. तुम्हाला आखूड आणि भरपूर स्टडवाला पाहिजे." म्हाळसानं किती जोड घातले आणि काढले, मी मोजले नाहीत. शेवटी एक काळा जोड पंज्याला बराचसा बसला. करंगळी जरा घासत होती आणि टाच मात्र सैलच होती. आप्पासाहेबांनी टाचेत बोट घालून बघितलं, ते सहज आत गेलं. "इथं माझी हद्द संपली, मॅडम," ते म्हणाले.

बूट घेऊन आम्ही तिच्या घरी गेलो. बिरू नुकतेच ड्यूटीवरून आले होते. त्यांनी बूट हातात घेऊन दाबून बघितला आणि म्हणाले, "बजाजनगरला भागूबाई हायेत. आमचे कंपनीचे बूट, लोखंडी टोपीचे, नवे असताना लई चावतात. सगळी माणसं त्यांच्याकडं नेतात. त्यांच्या हातातून आला की बूट आपला होतो."

लगेच निघालो. दोन रिक्षा बदलून बजाजनगरला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. कोपऱ्यावर पत्र्याचं छप्पर, त्याखाली पन्नाशी उलटलेल्या भागूबाई रापीनं चामडं तासत बसलेल्या. हे काम त्या बापाकडून शिकल्या होत्या. मी बूट पुढं केला, तर म्हणाल्या, "बूट राहू द्या. पाय दाखव गं."

म्हाळसानं दाखवला.

"खेळून आलीस?"

"नाय. दुकानं हिंडून आले."

"मग उद्या ये. चांगली खेळून, घामाघूम होऊन ये. निवांत बसलेला पाय खोटा असतो. पळाला की खरा होतो. आन् खेळताना घालतीस तोच मोजा आण."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दोन तास खेळून आम्ही तडक गेलो. राजाबाईही आली. भागूबाईंनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं अंथरलं आणि त्यावर म्हाळसाला उभं केलं. पेन्सिल अगदी सरळ धरून आधी उजवं, मग डावं पाऊल आखलं. मग तिला बसवून तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला. म्हाळसा शरमली, पाय ओढायला लागली. वडीलधाऱ्या बाईच्या मांडीवर पाय कसा ठेवायचा?

"राहू दे. पाय हाय, पाप नाय," भागूबाई म्हणाल्या.

त्यांनी अंगठ्यानं तळवा चाचपला. बोटं एकेक हलवून बघितली. टाच मुठीत धरली. रस्त्यानं ट्रक जात होते, तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

"मारतीस उजव्यानं," त्या म्हणाल्या. "पण फिरतीस डाव्यावर."

म्हाळसानं माझ्याकडं बघितलं. मी भागूबाईंकडं.

"हितं बघा मॅडम, अंगठ्याच्या बुडाशी. चालून घासलेली कातडी लांबट असती. ही गोल घासलीय. सगळं अंग ही या एवढ्याशा जागेवर आणती आन् गरकन फिरती." मग राजाबाईला विचारलं, "लहानपणी उजवा घोटा मुरगळला होता का हिचा?"

राजाबाईच्या हातातली पिशवी खाली आली. "व्हय. वैजापूरकडं मेंढरं बसवली होती, तिथं नाल्यात पडली. सहा वर्सांची असंल. तुमाला कुणी सांगितलं?"

"पायानंच सांगितलं. तवापासून पोरीचा इस्वास डाव्यावर हाय."

दोन वर्षं रोज जे बघत होते आणि कळत नव्हतं, ते या बाईनं पाय मांडीवर घेऊन वाचलं होतं. "तुम्ही फुटबॉल बघितलाय कधी?" मी विचारलं.

"नाय बा. कुठं बघणार?"

म्हाळसानं मला विचारलेलं तेच त्यांना हळूच विचारलं. त्यांनी तिची टाच सोडली. "कोण म्हणलं तुला पाय वाईट हायेत? हा उघड्यावर वाढलेला पाय हाय. याला कुणी दाबलं नाय, म्हणून बोटं अशी मोकळी पसरलीत. टाच मात्र बाईमाणसाची, बारीक. आन् बूट केलाय बाप्याचा पाय समोर ठेवून. तो कसा बसंल? चूक बुटाची हाय."

म्हाळसा आपल्या पावलांकडं बघत राहिली. राजाबाईनं डोळ्याला पदर लावला आणि लगेच काढला.

काम तीन दिवस चाललं. शाळा सुटली की मी बघायला जायचे. त्यांनी पावलाच्या आकाराच्या लाकडी फर्म्याला करंगळीच्या जागी चामड्याचे तुकडे चिकटवले, तो बुटात ठोकून बसवला आणि तिथं बूट ओला करून ताणला. टाचेचं अस्तर उसवून आत दोन्ही बाजूंना मऊ गाद्या घातल्या आणि आरीनं इतकी बारीक शिवण मारली की बोट फिरवलं तरी टाका लागत नव्हता. डाव्या बुटाच्या तळाला एक स्टड नेमका फिरायच्या हाडाखाली येत होता. तो त्यांनी कानशीनं थोडा थोडा घासला. दोन वेळा घासायच्या, हात फिरवायच्या आणि डोळे मिटून बसायच्या. मला वाटायचं, त्या मनातल्या मनात वळून बघतायत.

चौथ्या दिवशी म्हाळसानं बूट घातले. भागूबाईंनी नाडी स्वतः बांधली, करंगळीजवळचं एक भोक मोकळं सोडून.

"लागतंय का कुठं?"

"नाय."

"नीट सांग. लाजू नको."

म्हाळसा उभी राहिली. चार पावलं चालली. मग एकदम पळत सुटली, उभ्या टेम्पोपर्यंत गेली आणि तिथं वळली. मैदानावर वळायची तशीच. बूट पायाबरोबर फिरला. मागं धुळीची एक गोल रेघ उठली. ती परत आली तेव्हा तोंड उघडंच होतं. "मॅडम," ती म्हणाली, "बूट हायेत असं वाटतच नाय!"

निवड गारखेड्याच्या क्रीडा संकुलात होती. भागूबाई दुकान बंद करून आल्या. ऐन कामाच्या दिवशी दुकान बंद ठेवायची त्यांची ही पहिलीच वेळ, असं राजाबाईनं मला सांगितलं. दोघी पायरीवर शेजारी शेजारी बसल्या.

पहिली वीस मिनिटं म्हाळसाला चेंडू नीट मिळालाच नाही. समोरच्या मुली धिप्पाड, इंग्रजी शाळेतल्या, भारी बूट घातलेल्या. मग एकदा चेंडू उजव्या कडेला तिच्या पायात आला. दोघी अंगावर धावल्या. म्हाळसा त्यांच्याकडंच सरळ निघाली. मला वाटलं, आदळणार. आणि ती डाव्या पायावर फिरली. दोघी एकमेकींवर धडकल्या. तिसरी पुढं आली, तिला दुसऱ्या बाजूनं तसंच वळून मागं टाकलं. निवड समितीतले एक वयस्कर सर उभे राहिले, हातातला कागद खाली पडला तरी त्यांना कळलं नाही. म्हाळसानं उजव्या पायानं चेंडू मारला. तो खांबाला लागून बाहेर गेला.

"पुन्हा," ते सर स्वतःशीच म्हणाले. "पुन्हा एकदा कर, पोरी."

मी मागं वळून बघितलं. भागूबाईंनी चेंडू गेला कुठं ते बघितलंच नव्हतं. त्यांची नजर म्हाळसाच्या पायांवर खिळलेली, दोन्ही हात छातीशी घट्ट धरलेले. "बाई गं," त्या राजाबाईला म्हणाल्या, "एवढं सोसलं माझ्या शिवणीनं?"

म्हाळसाचं नाव यादीत आलं. राज्याच्या स्पर्धेत आमचा जिल्हा दुसऱ्याच सामन्यात हरला. तिनं दोन गोल केले होते. परत आली ती लंगडत नव्हती, याचंच बिरूंना जास्त अप्रूप.

त्यानंतरच्या रविवारी उरलेल्या मुली माझ्या दारात उभ्या. हातात आपापले बूट, कुणाचे भावाचे, कुणाचे शाळेतले. सगळ्यांना घेऊन मी बजाजनगरला गेले, आधी दोन तास खेळवून. मी भागूबाईंना सुचवलं की म्हाळसाचं माप तयार आहे, त्यावरूनच सगळ्यांचं करता येईल. त्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं.

"प्रत्येकीचा पाय येगळा," त्या म्हणाल्या आणि कॅलेंडरची पानं काढली.

मुली फळीवर ओळीनं बसल्या, अनवाणी, धुळीनं माखलेल्या. पहिली पाळी सुटली होती. डबे घेतलेले कामगार रस्त्यानं जाता जाता थांबायला लागले. बघता बघता वीसपंचवीस जण जमले. कुणी हसलं नाही, कुणी टिंगल केली नाही. भागूबाई एकेक पाऊल मांडीवर घेत होत्या, टाच मुठीत धरत होत्या आणि त्या मुलीला तिच्याच पायाबद्दल काहीतरी सांगत होत्या. प्रत्येक वेळी मुलगी चमकून खाली बघायची.

सगळ्यात धाकटी, सहावीतली पोर, शेवटी बसली होती. तिची पाळी यायला अजून वेळ होता. तिनं आपला एक पाय उचलून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवला, दोन्ही हातांनी धरला आणि तळव्याकडं निरखून बघायला लागली.