गोव्याला जाऊन आलेला फिरकीचा तांब्या

मी फिरकीचा तांब्या बोलतोय. पितळेचा, पोटाला जरा मोठा. झाकण फिरवून घट्ट बसवलं की आगगाडीनं कितीही हिसके दिले तरी माझ्यातला थेंब सांडायचा नाही. ऐन उमेदीतली गोष्ट सांगतोय ही!

पुण्याच्या तांबट आळीत ठोके खाऊन मी घडलो आणि बारामतीच्या बाजारात झुंबरनं मला उचललं. झुंबर डाळजचा, भिगवणजवळ रुळांच्या दुरुस्तीवर कामाला होता. घरी आई ठमाबाई आणि बायको सारजा. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, त्यातलं हे एक. तो आईला म्हणायचा, "आये, गोव्यात संत झेवियरचं दर्शन उघडलं, की तुला नेनार बघ."

पण १९३१च्या पावसाळ्यात झुंबर तापानं गेला.

मग घर गप्प झालं. भांडण नव्हतं. एकीला रडू फुटलं तर दुसरीलाही आवरणार नाही, म्हणून दोघी एकमेकींकडं बघतच नसत. सारजा मला भरून सासूपुढं ठेवायची, ठमाबाई पिऊन जमिनीवर ठेवायची. बोलणं एवढंच.

डिसेंबरात गोव्यात संताच्या जपून ठेवलेल्या देहाचं दर्शन उघडलं; कैक वर्षांनी एकदा उघडतं ते. लोकांना प्रार्थना शिकवणारे इंदापूरचे दत्तोबा मास्तर माणसं घेऊन निघाले. ठमाबाईनं हट्टच धरला. एकटी म्हातारी कशी जाणार, म्हणून सारजाही निघाली. आदल्या दिवशी ती परसात मला राखेनं घासत होती. आत ठमाबाई मास्तरांना सांगत होती, "पोरीची कायतरी सोय लावायची हाय. त्याच्यापायीच निघालेय."

सारजाचा हात माझ्यावरच थांबला. गोव्यात निराधार बायांना ठेवून घेणारे मठ आहेत, हे तिनं ऐकलं होतं. तिला वाटलं, म्हातारी आपल्याला तिथं सोडून येणार.  ती मला घासतच राहिली, लख्ख झालो तरी.

भिगवणहून पुण्याला आलो तेव्हाच माणसं चेपून निघाली होती. पुण्याच्या फलाटावर गाठोड्यांना टेकून दिवस काढला. पुढच्या गाडीत ठमाबाईला बाकाच्या कडेला जेमतेम जागा मिळाली. सारजा खाली तिच्या पायांशी. बेळगाव मागं पडलं, घाट लागला आणि वळणावळणाला म्हातारीला उलट्या होऊ लागल्या. सारजा तिचं कपाळ धरायची, तोंड धुवायची, पदरानं पुसायची. 

घाट उतरल्यावर पोर्तुगीजांचं राज्य. परका मुलूख, परकी बोली. शिपायांनी गाठोडी सोडायला लावली. एकानं माझी फिरकी उघडून वास घेतला आणि नुसतंच पाणी आहे म्हटल्यावर तोंड वाकडं केलं. भाकऱ्या विटल्या होत्या, त्या टाकाव्या लागल्या. आगगाडीनंतर बोट आली. समुद्र बघून ठमाबाई पुटपुटली, "येवढं पानी, आन् प्याला घोट न्हाय!"

जुन्या गोव्यात झावळ्यांच्या मांडवात जागा मिळाली. माणसांचा महापूर. सकाळपासून रांग. घामाट हवेत ठमाबाईचे पाय सुजून वहाणांत मावेनात. ओठांवर जप होता, पण तोल जात होता. देवळाचं दार समोर दिसू लागलं आणि ती सारजाच्या अंगावर कोसळली.

मास्तर धावले. "सारजा, तू रांग सोडू नगंस. म्हातारीला मी सावलीला नेतो."

"न्हाय मास्तर," सारजा म्हणाली, "तुमी जावा फुडं."

एका झाडाखाली तिनं सासूचं डोकं मांडीवर घेतलं. माझ्यात पाण्याचा थेंब नव्हता. पलीकडच्या घरातली एक गोव्याची बाई विहिरीवरून कळशी घेऊन आली, मला भरलं, वर पेजेची वाटी ठेवली. "उदक पी गो बाये," एवढंच म्हणाली.

पाणी पोटात गेलं तशी ठमाबाईनं डोळे उघडले. "तू कशापायी आलीस? दार आलं व्हतं की!"

तेव्हा सारजाचा बांध फुटला. "मला हितंच सोडून जायाचं हाय ना तुमाला? मग सोडा. पर आधी बऱ्या व्हा, आत्याबाई."

"सोडून? कोन म्हनलं?"

"सोय लावायची म्हनत व्हता की मास्तरांना."

ठमाबाई धडपडत उठून बसली. "आगं येडे, सोय म्हंजी घर. तुजं लगीन. झुंबर गेला, आता तू जल्मभर माज्याकडं बघत बसनार व्हय? देवाम्होरं त्येच मागाया आले मी."

दोघी मग गळ्यात पडून रडल्या. इतके महिने अडवलेलं सगळं तिथं वाहिलं. दुसऱ्या दिवशी एकमेकींना धरून त्यांनी दर्शन घेतलं. माझ्यापर्यंत त्या गर्दीत नुसती मेणबत्त्यांची ऊब आली.

पुढच्या वर्षी बारामती स्टेशनात कामाला असलेल्या सर्जेरावनं सारजाला मागणी घातली. बायको वारलेली, माणूस सालस. सारजानं तोंडावर सांगितलं, "मी एकली न्हाय येनार. आत्याबाईबी येतील."

ठमाबाई घाबरली. "कोन ठिवंल गं मला, सुनंच्या दुसऱ्या घरात?"

सर्जेराव जरा वेळ टोपीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "मला आई न्हाय. येऊ द्या की."

म्हणून मी आज बारामतीत आहे. माझ्या फिरकीचे आटे झिजलेत, झाकणातून पाणी झिरपतं. प्रवासाला आता मला कुणी नेत नाही. ठमाबाई कोवळ्या उन्हात लवंडते, मी तिच्या उशाशी. परवा शेजारची धोंडाबाई तिला म्हणाली, "लेक लई मायेची हाय तुमची."

मला वाटलं, म्हातारी आता सगळं नातं उलगडून सांगत बसेल. तिनं माझ्यातलं पाणी घोटभर घेतलं, ओठ पुसले आणि म्हणाली, "हाय खरी."

बाबांनो, तुम्हीही मला झिजला म्हणून मोडीत घालू नका. उशाशी ठेवण्यापुरतं पाणी माझ्यात अजून राहतं.