चौथा गडी

आमच्या वृद्धाश्रमात दुपारच्या जेवणानंतर खिडकीजवळच्या टेबलावर पत्त्यांचा डाव बसायचा. गडी चार: शिंपीकाका, त्यांची बायको, निवृत्त बसड्रायव्हर आणि मी. मी इथली सिस्टर. जेवणाच्या सुट्टीत काय करायचं ते माझं मी ठरवते.

काका रडीचा डाव खेळायचे, तेही निर्लज्जपणे. बदामाची राणी हटकून त्यांच्या बाहीत जायची आणि काकू हटकून ओरडायच्या, "झाडा बाही! झाडा आधी!" त्यांचा सगळा संसार असाच झाला असावा.

मग काकांचं दुखणं हाताबाहेर गेलं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आता औषध फक्त दुखू नये म्हणून. काकांनी मान डोलावली आणि मला म्हणाले, "सिस्टर, चौथा गडी बघायला हवा."

"हे आत्ता सुचतंय तुम्हाला?"

"मग कधी सुचायचं? गेल्यावर?" ते हसले, मग गंभीर झाले. "हिची बहीण गेली तेव्हा ही तोंडाला कुलूप लावून बसली होती. धड जेवण नाही, बोलणं नाही. डाव मोडला की पुन्हा तेच करेल. तेवढं होऊ द्यायचं नाही बघा."

झालं! उमेदवार पलंगापाशी यायला लागले. एका आजींना चांगली पानं आली की त्या गुणगुणायच्या, एका आजोबांना बदाम-चौकट एकच दिसायचं. शेवटी काकांनी आश्रमातल्याच एका निवृत्त हेडमास्तरांना निवडलं. मी कपाळावर हात मारला. जन्मात खोटं न बोललेला माणूस हा!

"कापड चांगलं आहे," काका म्हणाले. "शिवायचं मी बघतो."

रोज सकाळी काकू आंघोळीला गेल्या की मास्तर शिकवणीला हजर. एकदा काकांनी माझ्याकडून सुईत दोरा ओवून घेतला. मांडीवर मास्तरांचा सदरा होता. हात थरथरत होते, टाका मात्र सरळ.

"बाही उसवलीय," म्हणाले. मला खरं वाटलं.

काका गेले तेव्हा काकूंचा हात त्यांच्या हातात होता. मी ढसाढसा रडले, ड्यूटी गेली खड्ड्यात. काकू रडल्या नाहीत. बोलल्याही नाहीत. ताट जसंच्या तसं परत यायला लागलं.

शेवटी एका दुपारी मी त्यांना अक्षरशः ओढत टेबलाशी आणलं. काकू न बघताच पानं टाकत होत्या. ड्रायव्हरदादा उगाच खोकत होते. मास्तर मात्र घामाघूम, कान लाल, एक हात दुसऱ्या हाताच्या बाहीत. इतकी गचाळ चोरी मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही. बाहीच्या आत एक छोटासा खिसा शिवलेला होता आणि त्यातून बदामाची राणी अर्धी बाहेर डोकावत होती.

काकूंनी राणी पाहिली. मग खिसा पाहिला. त्याचे बारीक, सरळ टाके त्यांना ओळखू आले नसते तरच नवल.

"झाडा बाही!" काकू कडाडल्या. "मास्तर, लाज नाही वाटत? झाडा आधी!"

मास्तरांनी बाही झाडली. ड्रायव्हरदादा टेबल बडवत हसायला लागले. काकूही हसल्या, आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. मास्तरांची बाही धरून त्या कितीतरी वेळ ते टाके चाचपत राहिल्या.

मग त्यांनी डोळे पुसले, पानं गोळा केली आणि पिसायला घेतली.

"ह्यांनी तुम्हाला अर्धंच शिकवलंय," त्या मास्तरांना म्हणाल्या. "उद्या जरा लवकर या. उरलेलं मी शिकवते."